नांदेडच्या होस्टेलवर राहून रोइंग: अठराव्या वर्षी सुरुवात करणारीला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विद्यार्थिनी मूळची परभणी जिल्ह्यातली, नांदेडला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, होस्टेलवर राहते. वय १८, उंची १७५ सेंटिमीटर, वजन ६१ किलो. शाळेत खो-खो खेळली, विहिरीत पोहायला शिकली. जिममध्ये रोइंग मशीन आहे. विद्यापीठाच्या रोइंग (वल्ह्यांनी बोट पळवण्याच्या) संघासाठी निवड चाचणी द्यावी का, आता सुरुवात म्हणजे उशीर झाला का, अभ्यास बुडेल का, आणि इथे बोटच नाही त्याचं काय, असं तिने विचारलं आहे.

चाचणी जरूर दे. १८ म्हणजे अजिबात उशीर नाही. शाळेपासून वल्ही मारणारी मुलं आपल्या देशात फार थोडी. बहुतेक रोअर कॉलेजात किंवा फौजेत गेल्यावरच पहिल्यांदा बोटीत बसतात. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या कोरडवाहू गावचा. सैन्यात गेल्यावर २०१२ मध्ये, वयाच्या एकविशीत, त्याने रोइंग सुरू केलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायच्या बोटीत, तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या क्वाड्रपल स्कल्समध्ये त्याला सुवर्ण मिळालं. तुझी १७५ सेंटिमीटर उंची या खेळात मोठं भांडवल आहे, कारण लांब पाय आणि लांब हात म्हणजे लांब स्ट्रोक, वल्ह्याची लांब ओढ.

बोट नाही याची काळजी तूर्त बाजूला ठेव. पहिले सहा महिने दोनच गोष्टी महत्त्वाच्या: मशीनवरचा स्ट्रोक आणि झोप. या दोन्ही नांदेडला होस्टेलवर राहून जमतात.

आधी मशीन कोणतं ते बघ. पुढे जाळीदार पंखा, साखळी आणि कन्सेप्ट-टू हे नाव असेल तरच त्यावरचे आकडे निवड समितीपुढे चालतात. चुंबकाच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या मशीनवर घाम तेवढाच निघतो, पण वेळेची तुलना होत नाही. पंख्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा दांडा असतो. जिममधली पोरं तो १० वर ढकलतात आणि त्याला ताकद समजतात. खरं तर तो सायकलच्या गिअरसारखा आहे. १० वर स्ट्रोक जड आणि मंद होतो, कंबर आधी थकते, फुफ्फुसांचा व्यायाम मागे राहतो. तू दांड्याकडे पाहूच नकोस, 'ड्रॅग फॅक्टर' बघ, म्हणजे हवा पंख्याला किती अडवते त्याचा आकडा. मॉनिटरवर 'मोअर ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर' निवडायचं, आठ-दहा स्ट्रोक मारायचे, आकडा दिसतो. तुझ्यासाठी ११० ते १२० ठीक. आपल्याकडच्या धुळीत हे फार लागू पडतं. पंख्याच्या जाळीत धूळ बसली की हवा कमी खेळते आणि दांडा ५ वर असूनही ड्रॅग ९५ वर येतो. ज्याला हे माहीत नसतं तो 'आज मशीन हलकं आहे' म्हणून खूश होतो आणि चाचणीला दुसऱ्या मशीनवर बसला की अवाक होतो. सीट ज्यावर सरकते ती पट्टी रोज ओल्या फडक्याने पुसायची, साखळीला साधारण ५० तासांच्या वापरानंतर तेलाचा हात द्यायचा. जिमवाल्याला हे तू स्वतः करून दिलंस तर सकाळची वेळ मागायला तोंड राहतं.

आता स्ट्रोक. रोइंग हातांचं काम आहे हा सगळ्यात जुना गैरसमज. ओढीतला सर्वांत मोठा वाटा पायांचा, मग कंबर-पाठीचा, हातांचा सगळ्यात लहान. सुरुवातीची अवस्था म्हणजे कॅच: नडगी उभी, हात सरळ, खांदे नितंबांच्या पुढे, पाठ लांब. तिथून आधी फक्त पाय ढकलायचे. पाय जवळजवळ सरळ झाले की धड मागे झुकतं, घड्याळात ११ वरून १ वर काटा जावा तितकंच. सगळ्यात शेवटी कोपर वाकतात आणि साखळीची मूठ बरगडीच्या खालच्या कडेला येते. परत जाताना उलटा क्रम: आधी हात लांब, मग धड पुढे, मूठ गुडघ्यांच्या पलीकडे गेली की मगच गुडघे वाकवायचे. ओढायला एक वेळ, परतायला दोन वेळ. हा संथ परतीचा प्रवास नव्या माणसाला जमत नाही, आणि त्याचा दम तिथेच जातो.

चुका कुठे होतात ते साखळी सांगते. बाजूने मोबाइल लावून ३० सेकंदांचा व्हिडिओ काढ आणि साखळीकडे बघ. ती सरळ रेषेत जात-येत असेल तर क्रम बरोबर आहे. परत जाताना मूठ गुडघ्यावरून उडी मारत असेल तर गुडघे लवकर वाकतायत. ओढताना सीट मागे पळते पण मूठ जागच्या जागीच राहते, असं दिसलं तर पायांची ताकद मुठीपर्यंत पोचतच नाही. नितंब आधी निसटतायत आणि मग कंबरेने भार उचलावा लागतोय. पहिल्या दोन महिन्यांतलं बहुतेक कंबरदुखीचं कारण हेच. तिसरी चूक म्हणजे कॅचलाच कोपर वाकवणं. उसाची मोळी ओढताना आपण हात ताठ ठेवून अंग मागे टाकतो, हात फक्त आकड्यासारखे अडकवलेले असतात. तसंच इथे. मूठ बोटांत अडकवायची, तळव्यात आवळायची नाही.

पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस, २० ते ३० मिनिटं, मिनिटाला १८ ते २० स्ट्रोकच. घाम आला नाही तरी चालेल. पाचव्या ते आठव्या आठवड्यात १५ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये ३ मिनिटं विश्रांती, तोंडाने पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने. नवव्यापासून २५ मिनिटांचे दोन तुकडे, आणि आठवड्यातून एकच दिवस जोराचा: ५०० मीटर चार वेळा, मध्ये ३ मिनिटं विश्रांती, मिनिटाला २६ ते २८ स्ट्रोक. बाराव्या आठवड्यात २००० मीटरची चाचणी. रोज जीव तोडून ओढणारे तिसऱ्या आठवड्यात चांगला आकडा दाखवतात आणि आठव्यात बरगडीच्या दुखण्याने घरी बसतात. २००० मीटरमध्ये सुमारे ७० ते ८० टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने येते, म्हणून संथ किलोमीटर हाच पाया. खो-खोने तुला झटका दिला आहे, टिकाव दिलेला नाही. तो बांधायला वेळ लागतोच.

मॉनिटरवर ५०० मीटरला लागणारा वेळ दिसतो, त्याला स्प्लिट म्हणतात. २:१० च्या स्प्लिटने २००० मीटर ८:४० मध्ये होतं, २:०० ने ८:०० मध्ये. हा फरक दिसतो १० सेकंदांचा, पण ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते: २:१० ला सुमारे १५९ वॅट लागतात, २:०० ला सुमारे २०३. म्हणजे सव्वापटीहून जास्त. म्हणून पहिल्या वर्षी सेकंद झरझर उतरतात आणि नंतर एकेक सेकंदासाठी महिना जातो. तो महिना आला की 'माझं काही चुकतंय' असं समजू नकोस.

चाचणीत पोरी हमखास जिथे फसतात ती जागा म्हणजे पहिले ५०० मीटर. अंगात जोर असतो, शेजारची ओढतेय, आकडा १:५५ दिसतो आणि हलकंही वाटतं. हिशेब कर: पहिले ५०० मीटर १:५५, दुसरे २:०८, तिसरे २:२५, चौथे २:२२. बेरीज ८:५०. तीच मुलगी चारही तुकडे २:१० ने ओढती तर ८:४०. चार वेळा ५०० मीटर ज्या स्प्लिटने सारखे येतात, त्यात चार-पाच सेकंद मिळवून चाचणीची सुरुवात कर. पहिले पाच स्ट्रोक आखूड आणि चपळ, दहाव्यापर्यंत आपल्या आकड्यावर ये आणि तिथेच बस. तिसरा तुकडा सगळ्यात कठीण; तिथे आकड्याकडे न बघता दहा-दहा स्ट्रोक मोजायचे. शेवटच्या २५० मीटरला काय उरलंय ते टाकायचं. चाचणीच्या जागी पोचल्यावर ड्रॅग किती ठेवलाय हे विचार, विचारायचा तुला हक्क आहे.

पाणी. विहिरीत पोहायला शिकलीस, छान; पाण्याची भीती गेली. पण विहिरीत चार हात मारले की काठ. हलक्या कपड्यांत ५० मीटर सलग पोहणं आणि नंतर २ मिनिटं जागच्या जागी तरंगणं, हे जमेपर्यंत बोटीत पाय ठेवायचा नाही. तरणतलावावर महिनाभर रोज अर्धा तास दे.

विष्णुपुरीचा शंकरसागर विद्यापीठाच्या जवळच आहे, मग तिथेच का नको, हा प्रश्न तुझ्या मनात येणारच. पाणी आहे म्हणजे रोइंगचं पाणी आहे असं नाही. रेसिंग बोट अरुंद असते; सिंगल स्कल सुमारे ८ मीटर लांब आणि नियमाप्रमाणे किमान १४ किलो वजनाची, पत्र्याइतक्या पातळ कवचाची. मासेमारीचं जाळं, बुडालेलं बाभळीचं खोड, जलपर्णीचा तवंग, यातलं काहीही तिला पुरेसं आहे. शिवाय रोअर पाठमोरा बसतो, जिकडे जायचं तिकडे त्याची पाठ असते. पावसाळ्यात दरवाजे उघडले की ओढ निर्माण होते, उन्हाळ्यात पातळी उतरून खडक वर येतात. जलसंपदा विभागाची परवानगी, प्रशिक्षक आणि मोटर लावलेली बचाव बोट, ही तिन्ही असल्याशिवाय कोणत्याही धरणात उतरू नको. पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्यही आहे, तिथे वनविभागाचाही प्रश्न येतो. एकटीने, कोणाच्या तरी होडीत, 'बघू जरा' म्हणून तर मुळीच नको.

पहिलं पाणी म्हणून उन्हाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-नाशिककडे दोन-तीन आठवड्यांचं शिबिर गाठणं हा मार्ग बरा. पुण्यात पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा, बोट क्लब १९२८ पासून मुळेवर आहे; विद्यार्थी बोट क्लब कसा चालवतात ते बघायला तरी एकदा जा. तीन महिने मशीनवर पाया घालून गेलेल्या मुलीला प्रशिक्षक पहिल्या आठवड्यातच बोटीत बसवतो. नुसती हौस घेऊन गेलेलीचा अर्धा वेळ क्रम शिकण्यातच जातो.

शिबिरात स्कलिंगपासून सुरुवात करायला सांग. स्कलिंगमध्ये दोन्ही हातांत एकेक वल्हं असतं, स्वीपमध्ये दोन्ही हातांनी एकच लांब वल्हं. स्कलिंगने अंग दोन्हीकडून सारखं घडतं. ओढीच्या मधे दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात. डावी मूठ किंचित वर ठेवायची, नाहीतर उजव्या हाताची सालं निघतात. निघण्याआधी तीन गोष्टी स्वतः हात लावून तपास: बोटीच्या टोकावरचा पांढरा रबरी चेंडू जागेवर आहे, बुटांच्या टाचेची दोरी आखूड आहे पण पाय एका ओढीत सुटतो, आणि वल्हं अडकवायच्या गेटचं स्क्रू घट्ट आहे. टाचेची दोरी तुटकी असेल तर उलटल्यावर पाय बुटात अडकतो. या खेळातला सगळ्यात वाईट अपघात तोच.

उलटणार तू नक्की. पहिल्या आठवड्यात सगळेच उलटतात. उलटलीस की बोट धरून राहायचं, बोट तरंगते. काठ जवळ दिसतो म्हणून बोट सोडून पोहत निघायचं नाही, पाण्यावरून अंतर नेहमी कमी वाटतं. दुसरं होणार ते 'क्रॅब'. वल्ह्याचं पातं पाण्यातून पूर्ण बाहेर यायच्या आतच तू मूठ फिरवतेस, पातं तिरपं होऊन खाली ओढलं जातं आणि मूठ पोटावर येऊन आदळते. तिच्याशी झोंबायचं नाही. पाठीवर आडवं होऊन मूठ डोक्यावरून जाऊ द्यायची, बोट थांबू द्यायची, मग वल्हं परत आणायचं. कारण बहुतेक वेळा एकच: मूठ आवळलेली असते.

तळहाताला फोड येतील. फुटलेली कातडी ओढून काढू नको, साबणाने धू, रात्री उघडी ठेव, सकाळी टेप लाव. हातमोजे नकोत, त्यांनी मुठीची जाणीव जाते.

अभ्यासाचं. खरी अडचण वेळेची नाही, झोपेची आहे. सहा दिवस दीड तास म्हणजे आठवड्याला नऊ तास; तेवढे मोबाइलमधूनच निघतात. पण पहाटे पाचला उठणारी मुलगी रात्री बारापर्यंत जागली तर दुपारी दोनच्या तासाला तिला फळा दिसत नाही. होस्टेलवर साडेनऊला दिवा बंद, ही एकच अट खोलीतल्या मैत्रिणींकडून मान्य करून घे. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी जोराचं सत्र ठेवू नको. परीक्षेच्या तीन आठवड्यांत सराव निम्मा कर, पण बंद करू नको: आठवड्यात तीन सत्रं, त्यातलं एक आखूड आणि जोराचं. इतक्यावर कमावलेली ताकद टिकते. पूर्ण सोडलीस तर सेमिस्टर संपल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून.

कागदपत्रं आत्ताच लावून घे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत खेळ हा सहअभ्यासक्रम म्हणून क्रेडिटमध्ये येतो. कॉलेजच्या क्रीडा संचालकांकडे नाव नोंदव. हजेरीची ७५ टक्क्यांची अट डोक्यात ठेव आणि शिबिराला जाण्याआधी, आल्यावर नाही, क्रीडा संचालकांचं पत्र विभागप्रमुखांना दे. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी वय आणि बारावी होऊन किती वर्षं झाली याच्या अटी असतात, त्या वर्षीचं परिपत्रक मागून वाच. स्पर्धेची तारीख अंतर्गत परीक्षेवर येत असेल तर शिक्षक बहुधा पुन्हा परीक्षा घेतात, पण महिनाभर आधी सांगितलं तर. इनडोअर रोइंगच्या, म्हणजे मशीनवरच्या, राष्ट्रीय पातळीपर्यंत स्वतंत्र स्पर्धाही होतात. आपल्या भागातल्या मुलीने पहिला अर्ज तिथे करावा असं माझं मत आहे. राज्य शासनाच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कोणती स्पर्धा आणि कोणतं स्थान कोणत्या गटाच्या पदाला चालतं हे ठरलेलं आहे. नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र घेऊन घरी मोठं स्वप्न दाखवू नको.

चौघींच्या बोटीत जाणार असशील तर वेळापत्रक आधी जुळव. क्वाडमध्ये एक आली नाही की उरलेल्या तिघी काठावर. एकीची दुपारची लॅब, दुसरीची सकाळची शिकवणी, अशा चौघी कितीही ताकदवान असल्या तरी संघ होत नाही. दोघींची डबल सांभाळायला सोपी.

मेसच्या जेवणावर भागतं का? भागवता येतं. तुझ्या वजनाला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिनं हवीत. ५० ग्रॅम कोरड्या सोयावडीतून २६, अर्ध्या लिटर दुधातून १६, तीन अंड्यांतून १८, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२-१३, दोन वाट्या वरणातून १२ आणि उरलेली भाकरी-पोळीतून. अंडी चालत नसतील तर दूध-दही वाढव. सरावाआधी अर्धा तास केळं किंवा खजूर पुरे. जेवणाबरोबर आणि लगेच नंतर चहा घेऊ नको, त्याने लोह कमी शोषलं जातं. हिमोग्लोबिन आधीच तपासून घे. १२ च्या खाली असेल तर कितीही ओढलंस तरी दम लागणारच, तो आळस नव्हे. पाळी सलग तीन महिने चुकली तर 'सरावामुळे होतं' म्हणून सोडू नको, खाणं कमी पडतंय असं समज आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हाडं तिथूनच ठिसूळ होतात.

कोणी सांगेल, दोन किलो उतरव म्हणजे लाइटवेट गटात बसशील. महिलांच्या लाइटवेटची मर्यादा ५९ किलो आहे हे खरं. पण १७५ सेंटिमीटरच्या वाढत्या मुलीने ६१ वरून खाली जायचं नाही, ६५-६८ कडे जायचं. पॅरिस २०२४ नंतर ऑलिंपिकमधूनही तो गट गेला आहे.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या जिममध्ये सकाळी आठनंतर मशीनवर बसू नको. सत्राआधी आणि नंतर वजन कर. एक किलो उतरलं तर पुढच्या दोन-तीन तासांत सव्वा ते दीड लिटर पाणी, त्यात मीठ-साखर-लिंबू किंवा खारं ताक. डोकं हलकं झालं, घाम थांबला, अंगावर काटा आला तर त्याच क्षणी उठून सावलीत ये. मॉनिटरवर उरलेले मीटर तसेच राहू देत.

या आठवड्यात तीन कामं कर: हिमोग्लोबिन तपासणी, क्रीडा संचालकांची भेट, आणि १८ च्या लयीत १० मिनिटं ओढून बाजूने काढलेला व्हिडिओ. त्यात साखळी कशी जाते ते लिहून पाठव, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.